नव्या ठाण्याच्या कोठडीचं दार

...पण पक्कं म्हणजे किती पक्कं असावं हो? माणसाच्या हाताला काही हद्द? तुम्हाला सांगतो, साठ सालची गोष्ट, भिलाईत नवं पोलीस ठाणं उठत होतं, मी बांधकाम ऑफिसातला बाबू, चार वाजता तुमसरचे रामाजी आपल्या लेकीसाठी, नलूसाठी, मला बघायला येणार, माझं एकतिसावं सरत आलेलं, आणि दुपारी साहेब म्हणतात, "कोठडी आतून मोजून या!"

गेलो. आतून सळयांचं दार ओढून घेतलं, टेप पसरला... तोच बाहेर टिकाराम वेल्डर! तीन वर्षं पोलाद कारखान्याच्या भट्टीवर राबलेला, तिथे फोरमनचा एकच मंत्र, फट दिसली की बुजव. त्या मुखवट्याच्या काळ्या काचेतून त्याला मी कसला दिसतोय! मला वाटलं, बिजागरी जोडतोय. डोळे जातील म्हणून शहाण्या मुलासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. वळतो तर... दार चौकटीला चारही बाजूंनी सांधलेलं! शिवण निवल्यावर तिच्यावरून बोट फिरवलं, काय सांगू, आईच्या गोधडीचा टाकासुद्धा इतका सरळ नसतो. काम पक्कं, मानावंच लागेल!

हवालदार दयाराम डोकावले. "अरे बाबूजी! थाने के पहले मेहमान!" छिन्नी आणली, छिन्नी मोडली. घण आणला, दांडा मोडला. गॅस कटर? कारखान्यात. गेटपासवर सही करणारे साहेब? जेवायला!

तेवढ्यात रामाजी हजर! क्वार्टरवर शेजाऱ्यानं सांगितलेलं, "बाबू? वो तो थाने में बंद है!" मी टेप उंचावून ओरडतोय, "काकाजी, मी सरकारी कामावर आहे!" पण ऐकतो कोण? म्हातारा सळया धरून हलवतोय, लटकतोय, शिवण नखानं खरवडतोय. तोंडाचा आ! काम पक्कं, त्याचा तरी काय दोष?

"काऊन गा, हे कोनं जोडलं?"

"चुकलं जी काकाजी, मीनं," टिकाराम मान खाली घालून.

"कोन्या गावचा तू?"

"मोहाडीकडचा. आपल्यातलाच जी."

"लगन झालं का?"

ऐकलंत? माझ्यासमोर! आणि मी उठून जाऊ तरी कुठे?

कटर आला सहाला. तोवर टिकारामशी नलूची सोयरीक ठरून चहाही झाला होता... मलाही मिळाला, नाही कशाला म्हणू, सळयांमधून.