तीन नंबरची बाटली

अहो मनोजराव, तो ग्लास असा गरगर फिरवू नका हो, मला बघूनच चक्कर येते. मोहाची आहे ती, तुमच्या वायनरीतली वाईन नव्हे — काय म्हणालात, सुगंध मोकळा होतो? हो का! आमच्या पेठकडे बूच काढलं की सुगंध तीन घरं मोकळा होतो, आणि चौथ्या घराच्या आडोशाला आमचं पथक उभं असायचं. नको नको, थुंकायला भांडं नको. एकवीस वर्षं दारू पकडायच्या खात्यात जवान म्हणून काढली, पकडलेल्या हजारो बाटल्यांची चव घेतली, एकदाही थुंकलो नाही. थुंकायचीच तर तोंडात घ्यायची कशाला? पण तुम्ही शिकलेली माणसं, तुमचं शास्त्र वेगळं.

तर स्पर्धा म्हणे. पेठ-सुरगाण्याच्या चार पाड्यांच्या चार बाटल्या, नुसते नंबर टाकलेल्या, आणि परीक्षक कोण — तर इंदिरानगरचे रिटायर सहादू! वा रे वा. म्हणजे द्राक्षं आंबवली तर उद्योग, मंत्री फीत कापायला येतो. मोहाची फुलं आंबवली तर गुन्हा, जवान मडकी फोडायला येतो. आणि आता २००६ साली तुमच्या मालकांना आठवण झाली, की अरे, डोंगरातही काहीतरी चांगलं होतं म्हणे. पहिल्या नंबरच्या बाईचं नाव-गाव खात्याला कळवणार, परवाना मागणार — पाठवा की. परवाना यायचा तेव्हा येईल, जीप मात्र दुसऱ्या दिवशी हजर. मी बसलोय ना त्या जीपमध्ये, मला विचारा.

आणा, एक नंबर आणा. … हं. नवसागर. जिभेला चटका बसतोय बघा — फुलं कमी पडली की ढकलतात मूठभर. लिहा तुमच्या भाषेत, ‘तिखट, धाडसी’ की काय ते. दोन नंबर? … अरे देवा! ही रॉकेलच्या डब्यात भरून आणलेली. यात फुलाचा वास शोधू नका, काडी मात्र लांब ठेवा. अहो, लिहिता काय सगळं? बरं, लिहा.

तीन.

… थांबा जरा. पाणी द्या. नाही, काही झालं नाही — ठसका लागला. लागतो ना ठसका या वयात. तुम्ही चार नंबर काढू नका लगेच.

तुम्ही विचारत होतात ना मघाशी, चवीवरून गाव कसं ओळखायचो? ओळखायचो. प्रत्येक बाईचा हात वेगळा, जशी प्रत्येकीची भाकरी वेगळी. पकडलेली बाटली आली की आमचे साहेब म्हणायचे, सहादू, घे चमचा. मी गाव सांगायचो, पहाटे जीप सुटायची. लय कौतुक व्हायचं माझ्या जिभेचं! एकदा अशीच बाटली आली, एका म्हातारीच्या हातची. त्र्याण्णव साल. जवानाने घोट घेतला — म्हणजे मी नव्हे, होता एक जवान — आणि त्याला कळलं. पण तो म्हणाला, साहेब, ही इथली नाय, गुजरातची. घ्या! दारूबंदीच्या राज्यातून दारू आली म्हणून सांगितलं शहाण्याने, आणि ते खपलंही असतं. पण आमच्यात रीत आहे, घरची दारू असली की बोट बुडवून आधी चार थेंब भुईवर, मेलेल्या माणसांसाठी. ऑफिसात हे कधी करायचो नाही हो — सरकारी चमच्यावर कुठला पूर्वज येणार? त्या दिवशी मात्र तोंड गुजरात म्हणत होतं आणि हात खाली थेंब टाकत होता. फरशीवर. माझा बाप मेला होता ना त्याच वर्षी. साहेब काय दुधखुळे नव्हते. म्हणाले, सहादू, तीन वर्षांत तू इथे थेंब सांडला नाहीस, आज कोणाला पाजलीस रे? माझं गाव सर्व्हिस बुकात होतंच लिहिलेलं.

हो, मीच. बसलोय तुमच्यासमोर, बघा नीट. मडकी फोडायला काठी माझ्याच हातात दिली. आई अंगणात उभी. पुतळाबाई नाव तिचं. जीपमध्ये बसताना मी हात दिला, तो तिने घेतला नाही, आपली आपण चढली. तुरुंगातून सुटून आल्यावर दोन वर्षं जगली, माझ्या हातचं पाणी प्यायली नाही. मेली तेव्हा धाकट्या बहिणीने मला पाड्याच्या वेशीवरूनच परतवून लावलं. त्याला अकरा वर्षं झाली. रडतोय? कोण? अहो, ती एक नंबरची झोंबतेय डोळ्यांना. तुमचा नवसागर!

तर लिहा — तीन नंबर नापास. काय? चव बरी लागली तुम्हाला? तुमची चव द्राक्षाची, तुम्हाला काय कळतंय. नापास म्हणजे नापास. पहिला नंबर दोनला द्या, रॉकेलला परवाना मिळतोच.

असं कसं म्हणता हो, दोन आणि तीनमध्ये फरक नाही? फरक नाही! अहो, दुसऱ्या एकीला तरी येतं का हे? जिभेच्या मागे कडू लागतं का बघा — नाही ना? का नाही? तर फुलातलं केसर एकेक चोळून काढलंय, टोपलीत, दोन-दोन तास बसून. कोण बसतंय आता? जाळ बघा, करपट वास नावाला नाही, ऐनाच्या लाकडाचा मंद जाळ, तिथून उठायचं नाही, पोर रडलं तरी नाही. आईने हे एकीलाच शिकवलं. अख्ख्या सुरगाण्यात अशी उतरवणारी एकच बाई उरलीय, उंबरपाड्याची माझी चिमणा, आणि तुम्ही म्हणता फरक —

काय लिहिलंत?

नाही नाही, मनोजराव, दाखवा ती वही. मी असंच बोललो. चढली मला, रिटायर माणूस, रिकाम्या पोटी प्यालो. कोण चिमणा? मला बहीणच नाही. खोडा ते. अहो, उठता काय, बसा ना, चार नंबर राहिलीय अजून — मनोजराव, पाया पडतो तुमच्या, ते नाव खोडा आधी.