भाताचं वाक्य

विनीता : आणि भात मागायचं वाक्य कितव्या दिवशी?

देवश्री : आई, तू पोह्यांचं बघ. काय शिकवायचं ते माझ्यावर सोड.

विनीता : पोहे पुरतील. भाताचं सांग.

देवश्री : चौथ्या. पहिल्या दिवशी स्वतःची ओळख, दुसऱ्या दिवशी घरातली माणसं, तिसऱ्या दिवशी रंग आणि फळं. विनंती करायची, मागायची वाक्यं चौथ्या दिवशी.

विनीता : म्हणजे तीन दिवस पोरांनी आंब्याचा रंग सांगायचा आणि उपाशी झोपायचं.

देवश्री : उपाशी कशाला? वाढणारा वाढेल की.

विनीता : एकदा वाढेल. डोंगरातली पोरं ती, एका वाढण्यावर त्यांचं काय होतंय? दुसऱ्यांदा मागायला एरवीसुद्धा जीभ उचलत नाही. तू तर ती बांधूनच ठेवणार.

देवश्री : बांधत नाही गं. शाळेच्या फाटकाच्या आत आलं की फक्त इंग्रजी, एवढंच. दहा दिवस. पोहायला शिकवायचं तर पाण्यात टाकावंच लागतं.

विनीता : मलाही टाकलं होतं काकांनी, गांधारी नदीत. पण आधी कमरेला दोन सुके भोपळे बांधले होते.

देवश्री : तुला पोहता येतं?

विनीता : न यायला काय झालं? नदीकाठच्या नाते गावची आहे मी.

देवश्री : हे तू कधी सांगितलं नाहीस.

विनीता : विषय निघाला नाही. बरं, माझं एक ऐक. स्वयंपाकखोली तेवढी नियमातून सोड. मी आणि शाळेतली स्वयंपाकाची चंद्राबाई असू तिथे. ज्याचं अडेल तो येईल, मराठीत दोन शब्द बोलेल, भात घेऊन जाईल.

देवश्री : मग सगळी तिथेच येऊन बसतील. शिबिर कशाला घ्यायचं? नाही आई. स्वयंपाकखोलीतही इंग्रजी. नाहीतर खुणा.

विनीता : मला इंग्रजी येत नाही.

देवश्री : मग तू...

विनीता : गप्प बसायचं. जमेल. रात्री आठ ते नऊची सवय आहे मला.

देवश्री : झालं. आता ते काढ.

विनीता : काढत नाही गं. तिसरीपासून दहावीपर्यंत, रात्रीच्या जेवणाला घरात फक्त इंग्रजी. तुझ्या बाबांचा नियम. तुम्ही दोघं बोलायचात, मी वाढायचे.

देवश्री : त्याच इंग्रजीवर मी आज महाडच्या शाळेत शिकवतेय.

विनीता : मग? मी कुठे तक्रार करतेय? ऐकायला छान वाटायचं. लांबून कुठूनतरी गाणं यावं तसं. शब्द कळले नाहीत तरी कोण रुसलंय, कोण काय लपवतंय, ते कळायचं. सहावीत तू गणितात नापास झालीस ते मला आमटी वाढताना कळलं.

देवश्री : शक्यच नाही. मी बाबांनाही सांगितलं नव्हतं.

विनीता : त्यांना नाहीच कळलं. ते तुझे उच्चार ऐकत होते.

देवश्री : तू ना, कमाल आहेस.

विनीता : काल गंमत झाली. स्वप्नात मी इंग्रजी बोलत होते.

देवश्री : तू?

विनीता : मी! भराभर. सावित्रीच्या पुलावर उभी होते. धुकं इतकं, की खाली पाणी आहे की ढग ते कळत नव्हतं. पलीकडे तू होतीस, शाळेच्या गणवेशात. शेजारी तुझे बाबा. जायच्या आधी आजारी दिसायचे तसे नाही, चांगले धट्टेकट्टे. आणि मी बोलतेय, बोलतेय.

देवश्री : काय बोलत होतीस?

विनीता : ते कुठलं आठवायला! पण मधे कोणी थांबवलं नाही.

देवश्री : आई...

विनीता : चष्मा लाव आणि यादी बघ. मीठ लिहिलंस का?

देवश्री : सकाळी लिहू. पोलादपूरची एसटी आठची आहे. झोप आता तू.

विनीता : बरं, सकाळी.

(मे २००३. मधे सहा महिने गेले आहेत; तेव्हा राहून गेलेलं शिबिर आता भरलं आहे. पोलादपूरच्या शाळेची स्वयंपाकखोली. दुपारची जेवणं नुकती आटोपली आहेत.)

चंद्राबाई : म्याडम, ह्या पोरीला तुमच्या इंग्रजीत विचारा, जेवनावरनं रोज भुकी का उठते ती.

देवश्री : चंद्राबाई, इंग्लिश. नाहीतर खुणेने सांगा.

चंद्राबाई : माज्या खुना तुमाला आवडायच्या नाय.

देवश्री : शिबिराचा नियम सांगितला होता मी तुम्हाला.

चंद्राबाई : सांगितला, नि दोन दिस पाळला. आता नाय पाळवत. ही सारिका, आंबेनळी घाटाकडच्या वाडीतली. ताटातला भात संपला की ताटाकडं बघत बसते. मी पातेलं घेऊन पुढं गेली तरी मान खाली. आता मोरीपाशी धरली हिला. पातेल्याची खरवड खात होती.

देवश्री : सारिका? व्हाय डिडन्ट यू... का गं? मागितला का नाहीस?

चंद्राबाई : बोल गो. म्याडमच मराठीत बोलल्या, आता कसली भीती?

सारिका : मागायचं अजून शिकवलं नाय.

देवश्री : म्हणजे?

सारिका : फळ्यावर लिवलंय. मागायचं चौथ्या दिवशी. आज तिसरा हाय.

चंद्राबाई : घ्या!

देवश्री : आणखी कोण कोण असं उठलं?

सारिका : आमच्या वाडीतली समदी.

देवश्री : बस इथे. चंद्राबाई, वाढा तिला.

चंद्राबाई : इंग्रजीत वाढू?

देवश्री : वाढा हो. आणि बाहेर जाऊन बाकीच्यांना हाक मारा. मराठीत. जेवढ्या मोठ्याने जमेल तेवढ्या.

चंद्राबाई : मारते. भात हाय पुष्कळ, काळजी नको. रोज एक पातेलं जास्तीचं लावते मी.

देवश्री : जास्तीचं? कोणी सांगितलं?

चंद्राबाई : तुमच्या आईनं. दिवाळीच्या आधी भांडी बघाया आलेल्या ना, तवा. म्हनल्या, माजी पोरगी गुनाची हाय पन ऐकायची नाय. तू आपलं एक पातेलं जास्तीचं लाव, नि दार लोटू नको.

देवश्री : त्या दिवशी एकदाच आली होती ना ती?

चंद्राबाई : कुठलं एकदा! तीन-चार वेळा आल्या. तुमी शाळेत असताना यष्टीनं यायच्या. ह्या पायरीवर बसायच्या घाटाकडं तोंड करून. मी तांदूळ निवडायची, त्या बोलायच्या.

देवश्री : आई? आई फारशी बोलायची नाही.

चंद्राबाई : कोन, विनीताबाय? काय सांगताव! यष्टी सुटायची पन त्यांचं बोलनं सुटायचं नाय.

देवश्री : काय बोलायची?

चंद्राबाई : काय बी. नाते गावात ल्हान होत्या तवा पुराच्या पान्यात म्हशीच्या शेपटीला धरून पलीकडं गेल्या, ती गोष्ट. पाखरांचे आवाज काढायच्या. एकदा असा काढला, की त्या फणसावरनं खरं पाखरू बोल्लं. मंग दोघां बोलत बसली. मी म्हनलं, बाय, तेला काय सांगताव? तर म्हनल्या, आमचं आमच्यात हाय.

देवश्री : मला यातलं काहीच माहीत नाही.

चंद्राबाई : घरात बोलल्या असतील की. ध्यानात नसंल तुमच्या.

देवश्री : नाही. घरात जेवताना इंग्रजी असायचं. इथे मुलं तीन दिवस गप्प राहिली... आमच्याकडे तर आठ वर्षं चाललं हे.

चंद्राबाई : दिवाळीच्या सुटीत शिबिराला निघायचं त्याच सकाळी त्या गेल्या, त्येचं अजून डोक्यात घेऊन बसलाव तुमी. झोपेत गेलं मानूस. कुनाचा दोष?

देवश्री : त्या सकाळचं नाही, चंद्राबाई. खूप आधीचं. मी नऊ वर्षांची होते. आई पोळी वाढत होती आणि एकदम मराठीत काहीतरी सांगायला लागली. तिला राहवलंच नसावं. डोळे असे लकाकत होते. बाबा म्हणाले, 'इन इंग्लिश, प्लीज.' ती थांबली.

चंद्राबाई : मंग?

देवश्री : मी हसले.

चंद्राबाई : ल्हान होताव.

देवश्री : लहान होते, पण कळत होतं मला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, तेही हसले. म्हणून मी आणखी हसले. बरं वाटलं मला, की आम्ही दोघं एकीकडे आहोत.

चंद्राबाई : नि त्या?

देवश्री : तीही हसली. आणि तव्यावरची करपेल म्हणून आत गेली.

चंद्राबाई : काय सांगत होत्या?

देवश्री : विचारलं नाही. तेव्हा नाही, आणि पुढेही कधी नाही. आता वाटतं, ती रोज एवढी जवळ होती. नुसतं विचारायचं होतं.

सारिका : म्याडम, अजून थोडा भात.

देवश्री : घे. पोटभर घे गं.

चंद्राबाई : मंग विचारा आता.

देवश्री : कोणाला?

चंद्राबाई : त्यांची पायरी ती समोर हाय. मी हाय, ही पोर हाय. तिसरं कोन हाय हसाया?

देवश्री : वेडेपणा आहे हा.

चंद्राबाई : असू द्या.

देवश्री : आई.

चंद्राबाई : जरा मोठ्यानं. दुपारची येळ हाय, पेंगत बसायची सवय होती त्यांना.

देवश्री : आई, मी उगाच हसले गं तेव्हा. पोळी वाढताना तू काहीतरी सांगत होतीस... काय होतं ते?