चुन्याची फुली

धम्मपाल : अडकला का पुन्हा तुझा लॅपटॉप, ताई?

भावना : अडकला. गप बस जरा.

धम्मपाल : मी काय म्हणून राह्यलो, नुसत्या वाटेचा फोटो छापून नेऊ. मसणवट्याची वाट दिसली, विषय खतम.

भावना : मागच्या ग्रामसभेत तू तेच केलंस. वाट नांगरणारे आबाराव काय म्हणाले?

धम्मपाल : 'कापून चिकटवलंय.'

भावना : म्हणून उद्या सगळं शिवार उघडायचं, पंचायतीच्या टीव्हीवर. ज्याला शंका असेल त्यानं आपल्या शेताचा गट नंबर सांगायचा, मी ते शेत दाखवायचं. स्वतःची विहीर, स्वतःचा गोठा ओळखल्यावर बाजूची वाट खोटी कशी म्हणतील?

मालनबाई : चहा घ्या दोघं. अगं, चित्रच पाह्यचं ना? त्याला इतकी झटापट?

भावना : साधं चित्र नाही, माय. वाट नांगरायच्या आधी ड्रोननं शिवारभर फोटो काढून ते एकत्र जोडलेत. पायाखालचा दगडसुद्धा दिसतो. माझा जावा भाषेतला प्रोग्राम ते अख्खं आधी पोटात घ्यायला बघायचा. या लॅपटॉपचं पोट तेवढं नाही.

धम्मपाल : पुण्याला कंपनीत हेच काम करती ना तू?

भावना : तिथं मशिनं मोठी आहेत. चूक झाकून जाते.

धम्मपाल : मंग आता?

भावना : काल सी भाषेतली एक लायब्ररी जोडली. तिला सांगता येतं, एवढाच चौकोन दे, बाकीचं डिस्कवरच राहू दे. तरी का अडकतंय... थांब. थांब. मी ओळ-ओळ मागतेय.

मालनबाई : कुणाला?

भावना : फाईलला, माय. चित्र साठवलंय फरशांसारखं, चौकोन-चौकोन. मी एका ओळीसाठी आडव्या सगळ्या फरशा उचलतेय, अन् पुढच्या ओळीला पुन्हा त्याच.

मालनबाई : अन् हिला आम्ही हुशार समजून राह्यलो.

भावना : झालं. आता एक फरशी एकदाच. धम्मा, तू आबाराव हो. खोडा घाल मला.

(धम्मपाल खांद्यावर टॉवेल टाकून, छाती काढून उभा राहतो.)

धम्मपाल : ए पोरी! माझा गट दाखव. एकशे चौदा!

भावना : हा घ्या. तुमची विहीर, विहिरीवरचा लिंब, पलीकडं मोसंबी.

धम्मपाल : आयला! लईच जल्दी आलं की.

मालनबाई : आबाराव 'ए पोरी' न्हाई म्हणत. 'मालनबाई, तुमच्या लेकीला सांगा' म्हणतेत. अन् तोंड दुसरीकडं. तुमच्या नानांच्या मातीपासून माझ्याकडं पाह्यलंच न्हाई त्यांनी.

धम्मपाल : बरं. मालनबाई, तुमच्या लेकीला सांगा, आमच्या बिभीषणचा गट दाखव. एकशे नऊ. आता देवळामागचा, नव्वद. आता एकशे एकवीस... ताई? आता काय झालं?

भावना : जड झालाय पुन्हा. आधी बरा चालला होता.

धम्मपाल : भर सभेत असं झालं तर लोक हसतील. छापील फोटोच बरा.

भावना : नाही. आबारावनं वाट नांगरली म्हणून नानांना आपण नाल्यातून नेलं. कमरेएवढं पाणी. पुढून तूच होतास ना तिरडीला?

धम्मपाल : होतो.

भावना : नानांचं तर झालं. पुढच्या माणसाला कोरड्या पायांनी न्यायचं.

मालनबाई : पुढची मीच हाय. बराबर कर.

धम्मपाल : माय, असं नको बोलू.

मालनबाई : का? मला पोहता येतं का?

भावना : ...सापडलं. दर गटाला फाईल नव्यानं उघडतेय, आधीची बंद करतच नाही. जावा आपला पसारा आपण आवरतो, त्याची सवय लागली मला. पण या लायब्ररीनं घेतलेली जागा त्याला दिसत नाही. ती आपल्याच हातानं सोडावी लागते.

मालनबाई : बंद केलं तर चित्र जातं का?

भावना : नाही, माय. चित्र जिथल्या तिथं राहतं.

धम्मपाल : एकशे नऊ. नव्वद. एकशे एकवीस. परत एकशे चौदा. आता बिलकुल थांबत न्हाई की! मंग, मालनबाई, तुमच्या लेकीला सांगा, ती वाट दाखव. हाय कुठं वाट?

भावना : ही. आपल्या वस्तीपासून मसणवट्यापर्यंत, तुमच्या बांधाच्या कडेनं. गाडीची चाकोरीसुद्धा दिसते.

मालनबाई : त्या चाकोरीत पांढरं काय हाय?

भावना : चुन्याची फुली. ड्रोनवाले उडवायच्या आधी जमिनीवर अशा खुणा करतात. त्यावरून चित्र जागच्या जागी बसतं.

मालनबाई : मला सांगती का? तुझ्या नानांनी मारल्त्या त्या. ती पोरं लिंबाखाली बसली, अन् हे चुन्याचं घमेलं घेऊन शिवारभर. संध्याकाळी हात उललेले. मीच खोबरेल लावलं.

धम्मपाल : एक दांडी वाकडी हाय बघ.

मालनबाई : सरळ कधी आली त्यांची? भिंतीला चुना देतानाबी तसंच.

धम्मपाल : ताई, पुढचा गट सांगू?

भावना : थांब थोडं.

धम्मपाल : बरं.

मालनबाई : भावना. कर बाई बंद. उद्या सगळ्यांसमोर उघडायचंय.