लोंबीच्या किनारीचं कुलूप

(भंडारा, विणकरांची गल्ली. शोभाताई आणि तिचा मुलगा कुंदन बंद पडलेल्या मागापाशी.)

शोभाताई : म्हंजे चिप जिती हाये, पण बोलत नाई?

कुंदन : मागाचा बोर्ड जळला, चिप वाचली. बाबाच्या लोंबीच्या किनारीची सारी नक्षी तिच्यातच हाये. पण वाचू देत नाई. कुलूप हाये.

शोभाताई : मंग काढ.

कुंदन : काढलं का आतलं सगळं पुसते, मंगच उघडते.

शोभाताई : असं कुलूप कोन्या येड्यानं लावलं?

कुंदन : मी.

शोभाताई : काहून?

कुंदन : साड्यांच्या दुकानवाल्या घनश्यामकाकानं चोरू नये म्हणून.

शोभाताई : तो तं दिवाळीपासून तीच किनार विकून राहिला.

कुंदन : आपण एकोडीले लग्नाले गेलो, तवा त्याचा नागपूरचा मानूस येऊन गेला. बोर्डावर तपासणीसाठी चार टोकं उघडी असतात. तारा जोडल्या, चालू होताना करंटले जरासा हिसका देला. कुलूप भांबावलं. पाच मिनिटांत नक्कल.

शोभाताई : म्हंजे चोराले उघडते, धन्याले नाई.

कुंदन : तसंच समज.

शोभाताई : तू बी दे ना हिसका.

कुंदन : तशाच तेरा चिपा आणून देऊन पायला. दोन उघडल्या, अकरा मेल्या. हिच्यावर हात धजत नाई, माय.

शोभाताई : बाबाचे नक्षीचे चौकटीचे कागद?

कुंदन : चुलीत टाकले. म्हटलं, कागद कोनी बी चोरन, चिप कोनी नाई. तू पानी तापवत होती.

शोभाताई : तरीच त्या दिवशी पानी लवकर तापलं.

कुंदन : आज घनश्यामकाकाकडं गेलो होतो. चहा पाजला. म्हणे, नक्षी घेऊन जाय बेटा, तुहा बाप नंदलाल मले भावासारखा होता. तारा जोडल्या, तं त्याचा बी बोर्ड मुका. त्यानं तपासणीचा दरवाजाच कायमचा बुजवला. आता त्याले सोताले बी उघडत नाई. म्हणे, का करतं, जमाना चोरांचा हाये.

शोभाताई : खरं बोलला.

कुंदन : विनलेलं काही असतं तं धागे मोजून पुन्हा उतरवली असती. आपल्या घरी चिंधी बी नाई.

शोभाताई : पहिला शेला तुह्या बाबाच्या अंगावर टाकून धाडला. बाकीचं विकलं.

कुंदन : हो.

शोभाताई : घनश्यामच्या दुकानात जाय. लोंबीची एक साडी घे. मी सांगीन धागे, तू लिहिजो.

कुंदन : बरं.

शोभाताई : अन् पिशवीत झाकून आनजो. गल्लीतले म्हणतीन, घनश्यामची किनार चोरून राहिले.