पान तांबडंच

...नाही, पण ओवी बघायची कशी, एवढंच मला कुणीतरी सांगा. ऐकायची वस्तू ती. तीस वर्षं मी सांगलीत छंद शिकवले, हातात खडू आणि गळ्यात आवाज, तिसरं काही लागलं नाही. आणि आता विश्रामबागेतल्या आमच्या महाविद्यालयाचं फर्मान, की ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या प्रत्येक पानावर एक चित्र, एक ध्वनिफीत आणि एक चित्रफीत हवीच. तिन्ही चढली की पानाच्या माथ्यावरची पट्टी हिरवी, तोवर तांबडी. मी ओवीवर अकरा मिनिटं बोललो, ध्वनिफीत चढवली, पाहतो तर... पान तांबडंच.

संगणक विभागातल्या शाझियाबाई म्हणाल्या, "सर, व्हिडिओ कुठंय?" चित्रफीत म्हणा, म्हटलं. "बरं, चित्रफीत कुठंय? तुमचं तोंड दिसलं तरी चालेल." आता माझं तोंड पाहून ओवीचा चौथा चरण आखूड का, हे आजवर कुणाला कळलं आहे? तरी बसलो. कुठे, तर स्वयंपाकघरात, कारण आमच्या घरात नीट लागणारी खिडकी तेवढीच. बाकीच्यांतून भंगारवाल्याचा भोंगा थेट ओवीत शिरतो. एकेक पाठ चौदा-चौदा वेळा बोललो. आठव्या पाठात तर मागून आमच्या सौभाग्यवती राजेश्वरीबाईंचा आवाज, "तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करा," तो कापायचाच राहिला. चढवायला गेलो, तर फाईल मोठी, पान घेईना. शाझियाबाईंनी ती लहान केली, तर माझे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागाहून यायचे, जेवणावळ उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखे. आणि पान? चित्र अजून बाकी, म्हणून तांबडंच.

तुम्ही म्हणाल, राहू द्या तांबडं. कसं राहू देऊ? ज्ञानू होता ना. लोणंदजवळचा हवालदार, नेमणूक वर बर्फात. मार्चमध्ये फौजेतून सुटणार, त्याआधी पदवी हवी, पुढची नोकरी तिच्यावर, आणि उरलेला विषय एकच, माझा. नियम असा, की बाराही चित्रफिती शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय परीक्षेचा अर्ज उघडत नाही. त्याचा फोन आला, "सर, हितं रेंजच न्हाई. तुमचं तोंड निम्म्यात गोठतंय. मी आपलं पुस्तक वाचतोय." वाचत होता बिचारा. पण पानाला वाचलेलं कळत नाही, पाहिलेलंच कळतं. माझी बारा पानं कशीबशी हिरवी झाली, तर त्याच्या नावापुढं प्रत्येक पान तांबडंच.

आणि पंधरा दिवसांनी पाहतो, तर सगळी हिरवी. घरी फोन लावला. त्याची बायको, क्रांती. म्हणते, "आवं सर, मीच लावत हुते. ह्यांचा पासवर्ड माज्याकडंच असतोय. फोन डब्याला टेकवायचा, मी भाकरी थापायची, तुमी बोलत ऱ्हायचं."

ही लबाडी, कळवलीच पाहिजे. कळवावी, तर हवालदाराची पुढची नोकरी जाते. न कळवावी, तर माझी झोप. विचारलं, "ऐकलंत तरी का काही?"

"न ऐकून सांगू कुणाला? बाई म्हणाल्या गॅस बंद करा, मी उठून माजाच केला. भात कच्चा ऱ्हायला. आन सर, ओवीत तुमी दर तुकड्याला थांबता. जातं थांबतंय व्हय?"

तीस वर्षांत कुणी मला असं अडवलं नव्हतं, आणि तुम्हाला सांगतो, खरं होतं तिचं.

ज्ञानू परीक्षेला बसला, पास झाला, नोकरीलाही लागला. तक्रारीचं पत्र माझ्या खणात आहे, पूर्ण लिहिलेलं, सही नसलेलं. जूनमध्ये मी क्रांतीला म्हटलं, "आता तुमचं नाव घाला. खऱ्या शिकलात त्या तुम्ही." घातलं तिनं. महिनाभर पाहतोय, तिच्या नावापुढं पान तांबडंच. फोन केला. म्हणते, "बारा पाठ तोंडपाठ हायत की माजं. परत तुमचं तोंड कोण बघत बसणार? पासवर्ड देते, तुमीच लावा."

काय करता... आता रोज सकाळी स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवतो आणि क्रांतीच्या नावानं माझंच तोंड शेवटपर्यंत पाहतो. त्या पत्रावर सही करायची, तर आता स्वतःचंही नाव घालावं लागेल. काल आठवा पाठ होता. मागून आवाज आला, "तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करा." उठलो, केला.

भात कच्चा. पान हिरवं.