गुलाबाची कातरलेली पानं

(दोन जावा. दोघींच्या परसांमध्ये कमरेएवढी भिंत. सकाळची वेळ.)

धाकटी : ताई, एवढंच सांगा, औषध कधी फवारलंत?

थोरली : मघाशी. माझ्या गुलाबांवर. तुझ्याकडे थेंबसुद्धा उडालेला नाही.

धाकटी : भर उन्हात? संध्याकाळी फवारायचं, मधमाश्या परतल्यावर, हे मला तुम्हीच शिकवलंत.

थोरली : हो ना. आता गुरूची विद्या गुरूला.

धाकटी : माझ्या सब्जाखाली येऊन बघा. अकरा मेल्यात. दोन अजून वळवळतायत.

थोरली : आणि माझी पानं? कात्रीने कापावेत तसे गोल तुकडे गेलेत. रोज नवे. मी काय हातावर हात ठेवून बसू?

धाकटी : ते या मधमाश्यांनीच कापलेत, पानं कातरणारी जात आहे ही. खात नाहीत त्या, घर करायला नेतात.

थोरली : वा! म्हणजे मध तुझ्याकडे आणि नासधूस माझ्याकडे. तू कोथिंबीर फुलावर सोडलीस, गवत माजवलंस, तर म्हणे आख्ख्या वस्तीत मधमाश्या फक्त इथेच उरल्यात. शाळेची मुलं येतात वह्या घेऊन. मामंजी पाहुण्यांना सरळ तुझ्या दारात नेतात. वीस वर्षं या मातीत हात मी घातलेत. माझं फाटक कोणी उघडत नाही. जळते मी तुझ्यावर. घे, बोलले एकदाचं.

धाकटी : म्हणून सकाळी फवारलंत?

थोरली : गुणगुण ऐकू येत होती भिंतीपलीकडून. संध्याकाळपर्यंत दम निघाला नाही.

धाकटी : ताई, त्या राहतात तुमच्याकडेच.

थोरली : माझ्याकडे कुठे?

धाकटी : तुमच्या घेवड्याच्या मांडवात. बांबू पोकळ आहेत ना, टोकाकडून बघा. तुमच्याच गुलाबाच्या पानांनी बुजवलेत. आत अंडी असतात. माझ्याकडे त्या नुसत्या फुलांपुरत्या येतात.

थोरली : तुला कधीपासून माहीत आहे हे?

धाकटी : दोन वर्षं झाली.

थोरली : आणि तोंडातून शब्द काढला नाहीस?

धाकटी : काढला असता, तर मुलं तुमचा मांडव बघायला गेली असती. मामंजीसुद्धा. तुम्हाला सगळंच येतं, ताई. हे एक माझं राहू दे, असं वाटलं.

थोरली : मागच्या वर्षी मांडवाचे जुने बांबू मी जाळले. तू इथेच होतीस, या भिंतीशी.

धाकटी : हो ताई. उभी होते.