दार लोटून घ्यावे

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे कार्यालयप्रमुख आदरणीय गुरनुले साहेब, मंचावरील सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या आमच्या वरिष्ठ लिपिक आदरणीय सरिता खोब्रागडे मॅडम, त्यांच्या घरून आलेली मंडळी, निरनिराळ्या वसतिगृहांचे गृहपाल, आणि वसतिगृहांचे प्रवेश पाहणाऱ्या आलापल्लीच्या आपल्या कार्यालयातील माझ्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना नमस्कार, जय भीम, जय सेवा.

मी अश्वजित निमगडे, कार्यालयातील कंत्राटी मदतनीस. भाषण लिहून आणले आहे आणि वाचूनच दाखवणार आहे, कारण न वाचता बोललो तर मी कुठे जाईन याचा भरवसा नाही.

मघाशी सूत्रसंचालन करताना प्रफुलभाऊंनी मॅडमच्या सत्काराला जोडून माझेही नाव घेतले. ‘वीज बचतीचे शिल्पकार’ म्हणाले. साहेबांनी मला शाल घातली. ती अजून खांद्यावर आहे आणि टोचते आहे. मे महिन्यात लोकरीची शाल आहे म्हणून टोचते, असे म्हणालो असतो तर आपण हसला असता आणि मी सुटलो असतो. पण कारण ते नाही. ज्या कामासाठी ही शाल मिळाली, त्याच कामाची मला लाज वाटते आहे, आणि ती मॅडमसमोर सांगितल्याशिवाय त्यांना निरोप कसा देऊ?

काम आपल्याला ठाऊक आहे. आपली इमारत पश्चिमेकडे तोंड करून बसलेली, आणि त्या बाजूला मोठमोठ्या काचा. दुपारी काचेला हात लावला की पोळायचा. एसी दिवसभर घरघरत राहायचे, तरी प्रफुलभाऊंच्या शर्टाची पाठ ओलीच. विजेचे बिल आले की साहेब ते दोनदा वाचायचे. मी पूर्वी राजुऱ्याला पडद्यांच्या दुकानात कामाला होतो. भीत भीत साहेबांना म्हणालो, ‘सर, ऊन काचेतून आत आले की एसी दिवसभर त्याच्याशी भांडत बसतो. उन्हाला काचेपाशीच अडवले तर एसीला भांडायला कोणी उरणार नाही.’ साहेबांनी ऐकले. आडव्या पट्ट्यांचे पांढरे पडदे आले. दांडी फिरवली की पट्ट्या मिटतात. आम्ही त्या घट्ट मिटवल्या आणि बिल उतरले. इथपर्यंतचे कौतुक मी नाकारत नाही.

पण पडदे लावून भागत नाही. कोणी ते वर करून ठेवतो, कोणी येता-जाता दार उघडे टाकतो. म्हणून मी सूचना लिहिली. माझे शिक्षण बारावीत अडले, तरी ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मी फार जपतो. चुकीची वेलांटी दिसली की मला जेवण जात नाही. मी लिहिले, ‘ऊर्जा वाचवा. पडदे बंद ठेवावेत. दार बंद ठेवावे.’ ‘ऊर्जा’तला ऊ दीर्घ. ‘बंद’ हा शब्द लाल रंगात, मोठा. साहेबांची सही घेतली आणि कागद दाराच्या बाहेरच्या अंगाला चिकटवला. बाहेरच्या अंगाला का? तर दार उघडे टाकणारे बाहेरून येतात. किती विचारपूर्वक काम केले होते पाहा!

काही दिवसांनी मॅडम म्हणाल्या, “अश्वजित, तो दारावरचा कागद बदलून टाक बाबू. बरोबर नाई वाटत.”

कुठेतरी अनुस्वार राहिला असणार! घरी जाऊन मी शब्दकोशात एकेक शब्द पाहिला. सकाळी छाती पुढे काढून मॅडमच्या टेबलाशी उभा राहिलो. “मॅडम, शुद्ध आहे.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “शुद्ध तर आहेच रे.”

तेवढ्यात फोन वाजला आणि ते तिथेच राहिले. त्या ‘आहेच’मधला ‘च’ मला कळला नाही.

मग एक दिवस मॅडमनी आपली खुर्ची उचलून व्हरांड्यात नेली. साठवणीच्या खोलीतले छोटे टेबलही नेले. पदर ओला करून डोक्यावर घ्यायचा आणि भट्टीसारख्या हवेत फायली पाहत बसायचे. आत आम्ही गारेगार. प्रफुलभाऊ म्हणाले, “रुसल्या बाप्पा मॅडम तुह्या पडद्यावर! रिटायरमेंट जवळ आली का माणूस असंच करते.” भाऊ, आपले बोलणे उघड करतो आहे, राग मानू नये. मलाही तसेच वाटले होते. इतकेच नव्हे, मला त्याचा राग आला होता. मी सगळ्यांसाठी गारवा आणला आणि ह्या तो सोडून उन्हात बसतात, म्हणजे लोकांना दाखवतात, असे माझ्या मनात आले.

शेवटी मी बाहेर गेलो. “मॅडम, आत या ना. थंड आहे.”

“मले इथीच बरं वाटते.”

“उन्हात?”

“तू बस ना माझ्या खुर्चीवर एक दुपार. मले पाहू दे तुही थंडी.”

मी बसलो. हट्टानेच बसलो. लोखंडी हातावर कोपर ठेवता येत नव्हते. थोड्या वेळाने एक बाई आली, कडेवर लेकरू. पायरीशी थांबली.

“हापिस कधी उघडते जी?”

“उघडंच आहे बाई.”

“मंग बंद काऊन लिवलं?”

“ते दारासाठी आहे. गार हवा बाहेर जाते म्हणून दार बंद ठेवायचं.”

तिने माझ्याकडे पाहिले, मिटलेल्या पट्ट्यांकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे. “दार बंद, खिडक्या बंद, वरून बंद लिवलं, अन् म्हणता उघडं आहे. आमच्या गावात अशा घराले बंदच म्हणतेत भाऊ.”

त्या दुपारी आणखी लोक आले आणि प्रत्येकाने तेच विचारले. खुर्चीवर माणूस दिसला म्हणून विचारले. खुर्ची नसती तर? मॅडम कोणावर रुसल्या नव्हत्या. कार्यालय उघडे आहे हे दिसावे म्हणून त्या बाहेर बसत होत्या. नोकरीतला शेवटचा उन्हाळा या बाईंनी माझ्या एका शब्दासमोर बसून काढला.

संध्याकाळी मी विचारले, “मॅडम, तुम्ही मला स्पष्ट का नाही सांगितलं? कागद फाडून तरी टाकायचा.”

“साहेबांच्या सहीचा कागद मी कशी फाडू? अन् तुले सांगितलं ना होतं. तू शब्दकोश पाहून आला.”

त्या हसल्या. मग हसणे थांबवून त्यांनी मला चैतूबाबांचे सांगितले.

चैतूबाबा हेमलकशाच्या पलीकडच्या गावचे; नंतर एकदा ते आले तेव्हा मीही त्यांना पाहिले. त्यांची नात बुधरी यंदा सातवीत होती. गावातली शाळा तिथेच संपते. वसतिगृहात जागा मिळाली तरच आठवी, नाहीतर घरी. तिचा अर्ज घेऊन बाबा बसने आले. मुदत होती, जागा होत्या. त्यांनी दारावर बोट ठेवून अक्षर अक्षर लावले, झाडाखाली बसून राहिले आणि दुपारच्या बसने परत गेले. दुसऱ्या खेपेस ते असेच उठून निघाले असताना जेवून परतणाऱ्या मॅडम त्यांना भेटल्या.

“काऊन बाबा, कुठी चालले?”

“बंद आहे बाई. मागच्या खेपेलेबी बंद होतं.”

“कोण म्हणलं?”

“कोणी नाई म्हणलं. मले थोडं वाचता येते.”

हे शेवटचे वाक्य मॅडमनी मला सांगितले तेव्हापासून ते माझ्या कानातून जात नाही. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांतले काही दार ढकलून आत आले आणि त्यांचे काम झाले. बाबांना थोडे वाचता येत होते, म्हणून ते परत गेले. आणि शब्द शुद्ध लिहिलेला होता.

तोवर मुदत संपली होती. मॅडमनी अर्ज घेतला, पण जागा भरल्या होत्या. बुधरी प्रतीक्षा यादीत पहिली आहे. त्याच दिवशी मॅडमची खुर्ची बाहेर गेली.

पुढचे आपण पाहिले आहे. पट्ट्या घट्ट मिटवायची गरजच नव्हती. दांडी थोडी उलट फिरवली, पट्ट्यांची बाहेरची कड खाली आणि आतली वर ठेवली, की वरून येणारे ऊन पट्टीवर आपटते आणि आतल्या माणसाला मात्र फटीतून खालचे अंगण, झाड, झाडाखालचा माणूस दिसतो. झाडाखालच्या माणसालाही आतला दिवा दिसतो. डोळे किलकिले करतो ना आपण, तसे. साहेब, या महिन्याचे बिल वाढणार नाही असे मला वाटते, आणि वाढलेच तर थोडे वाढेल. राजुऱ्याच्या दुकानात हे मी शिकलो होतो. वापरले नाही.

कागदही बदलला. ‘कार्यालय उघडे आहे. आत या.’ एवढे लिहून मी दाराच्या वाक्यापाशी अडलो. दार तर लागले पाहिजे, आणि ‘बंद’ लिहायचा नाही. मॅडम म्हणाल्या, “लिही, दार लोटून घ्यावे.” आपल्या घरी कडी न लावता दार लोटून घेतो, तसे. कोणीही ढकलून यावे. वर्षानुवर्षे बोलतो तो शब्द, आणि मला तो सुचला नाही. मॅडम, आपण जाताना मला बरेच काही देऊन जात आहात, पण हा शब्द मी सर्वांत जपून ठेवीन.

आता अध्यक्षांना एक विनंती. साहेब, विनंती करण्याइतकी माझी जागा नाही, हे जाणतो. पण मघापासून या सभागृहात वाचलेल्या विजेबद्दल इतके चांगले बोलले गेले की बुधरीचे नाव कोणी घेतले नाही. तिच्या आजोबांना उशीर झालेला नाही. ते वेळेवर आले होते. उशीर आपल्या दारात झाला, माझ्या कागदामुळे झाला. यादीचा निर्णय आपल्या हातात आहे. माझ्या शालीपेक्षा…

क्षमा करा. पुढची ओळ सापडत नाही. म्हणजे सापडली आहे, पण या खिडकीतून… साहेब, आपल्या उजव्या हाताच्या पट्ट्यांमधून खाली पाहावे. झाडाखाली चैतूबाबा बसले आहेत. शेजारी दोन वेण्यांची मुलगी आहे, ती बुधरीच असणार. मॅडम, ते आपल्याला भेटायला आले असतील. किती वेळचे बसले आहेत कोणास ठाऊक. या सभागृहाच्या दारावर कागद नाही, पण पाहुण्यांना गार वाटावे म्हणून मघाशी मीच ते दार ओढून कडी लावली.

कागद ठेवतो. राहिलेल्यात आभारच होते. अध्यक्षांचे, मान्यवरांचे, सर्व सहकाऱ्यांचे आभार. मॅडम, आपले आभार इथे उभे राहून मानता येत नाहीत. बोलण्यात काही कमी-जास्त झाले असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने सोडून द्यावे. लिहिण्यात जे झाले ते सोडून द्या, असे मी आपल्याला म्हणू शकत नाही. ते माफ करणारे बाहेर बसले आहेत.

साहेब, मी कडी काढायला जातो. ते आत आल्यावर त्यांना काय सांगायचे, ते आपण सांगावे.